मोजणीत न आलेली जमीन

गेल्या महिन्यात एका वाचकाने विचारलं होतं, आपल्या घरात येणारी वीज नेमकी कुठून येते. कोळशावरच्या एका युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो, असं मी उत्तरात लिहिलं. म्हणजे महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घरामागे दीड क्विंटल. त्यातला बराचसा मध्य भारतातल्या आदिवासींच्या पायाखालून येतो, असंही पुढे लिहिलं होतं. त्या एका वाक्यावर भरपूर पत्रं आली, काही रागाची आहेत. या वेळी फक्त त्यांनाच उत्तरं देतो.

प्रश्न : तुम्ही स्वतः कोळसा खाणीत नोकरी केली आणि आता खाणींविरुद्ध लिहिता. छत्तीसगडात हसदेवच्या जंगलातले आदिवासी झाडांना मिठी मारून बसतात. त्यांना एकरी लाखो रुपये, घरातल्या एकाला नोकरी, पक्कं घर, सगळं मिळतं. मग विरोध कशासाठी? देशाला वीज नको का?
— एक वाचक, डोंबिवली

वीज हवी, यावर तुमचं-माझं भांडण नाही. वर्धा खोऱ्यातल्या उघड्या खाणींवर मी 31 वर्षं सर्व्हेअर होतो. दोन्ही मुलींची शिक्षणं त्या पगारावर झाली. तुमचा प्रश्न भरपाईचा आहे, आणि भरपाईचा हिशोब जिथून सुरू होतो त्या मोजणीला मी हजर असायचो. तेव्हा तिथलंच सांगतो.

1988 चा एप्रिल. वणी तालुक्यातला एक कोलाम पोड. कोलाम लोक आपल्या वस्तीला पोड म्हणतात. 19 घरं, मधोमध चावडी, मागे बांबूचं बेट. माझ्याबरोबर थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायचं यंत्र, दोन खलाशी म्हणजे मोजणीतले मदतनीस, लाल रंग दिलेल्या खुंट्या आणि तलाठ्याकडून आणलेला सातबाऱ्यांचा गठ्ठा. खाणीची हद्द पोडाच्या पलीकडून जाणार होती. 19 घरांपैकी 6 जणांच्या नावावर जमीन निघाली. बाकीचे पिढ्यान् पिढ्या तिथेच राहत होते, त्यातले काही कसतही होते, पण कागदावर ती जमीन सरकारी पडीत होती.

चावडीपासून थोड्या अंतरावर मोहाचं एक मोठं झाड होतं. खलाशाने त्याच्या बुंध्याभोवती टेप धरला आणि घेर सांगितला. मी वहीत लिहिलं : मोह, 1, सरकारी जमीन. एक म्हातारी टोपली घेऊन तिथेच उभी होती. म्हणाली, "बापू, हा मोहा कोनाच्या नावानं लिवला?" मी सांगितलं, सरकारच्या. ती म्हणाली, "सरकार येते का वेचाले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या झाडाखाली सात घरं मोहफुलं वेचत. कोणाची वाटणी कुठवर, हे त्यांच्यात ठरलेलं होतं. पहाटे कोणी कोणाच्या बाजूला जात नसे. त्या वाटण्यांना माझ्या वहीत रकाना नव्हता. टेंभुर्णीची म्हणजे तेंदूची पानं, चारोळी, डिंक, टोपल्यांसाठीचा बांबू, सरपण, गुरांचं चराऊ रान, बाजाराची पायवाट, देवाची जागा यांनाही नव्हता. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि त्यातलं काहीच लिहिलं नाही, कारण लिहायला सांगितलेलं नव्हतं.

आता तुमच्या नोकरीच्या मुद्द्याकडे येतो. सरकारी कोळसा कंपन्यांचा वर्षानुवर्षांचा नियम आहे दोन एकराला एक नोकरी. ज्याच्या नावावर दोन एकर नाहीत त्याने दुसऱ्याचं क्षेत्र जोडून घ्यायचं, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला काहीच नाही. त्या पोडावर 19 घरांमागे 4 नोकऱ्या लागल्या, चारही पुरुषांना. मोह आणि तेंदूचा पैसा मात्र बायांच्या हातात यायचा. तो बंद झाला आणि त्याच्या जागी त्यांच्या हातात दुसरं काही आलं नाही. घरात पगार येतो पण बाईला मिठासाठी नवऱ्याकडे हात पसरावा लागतो, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

रोख रकमेचंही सांगतो, कारण "त्यांनी पैसे उडवले" हे वाक्य पत्रांमध्ये तीनदा आलं आहे. एका भागातल्या शे-दोनशे कुटुंबांना एकाच वर्षी पैसे मिळाले की सगळेच आसपासच्या गावात जमीन शोधायला लागतात. भाव दुपटीवर जातो. पाच एकर गेलेल्याला दोन एकर मिळाली तरी पुष्कळ. बाकीचा पैसा घर बांधण्यात, आजारपणात, लग्नात जातो. तुमच्या-माझ्या घरात तो याहून वेगळ्या गोष्टींवर गेला असता, असं मला वाटत नाही.

हसदेवला मी निवृत्तीनंतर, 2023 च्या मार्चअखेर गेलो. सरगुजा जिल्ह्यातल्या हरिहरपूरला 2 मार्च 2022 पासून गावकऱ्यांचं धरणं चालू होतं. दिवस मोहफुलांचे होते. बाया पहाटे फुलं वेचून, घरी अंगणात वाळत घालून मग मांडवात येऊन बसत. गोंड, उरांव, पंडो अशा सगळ्या समाजांच्या बाया होत्या. त्यांच्यापासून काही किलोमीटरवर परसा ईस्ट केते बासन ही खाण 2013 पासून चालू आहे. राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीच्या मालकीची ही खाण अदाणी समूह चालवतो. पहिल्या टप्प्याचं 762 हेक्टर खोदून झालं, मग दुसऱ्या टप्प्याचं 1,136 हेक्टर सुरू झालं. मांडवातल्या एका बाईने मला विचारलं, तुम्ही काय काम करायचात? मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पाणी आणून दिलं आणि खाणीकाठच्या गावातल्या विहिरी दाखवायला मुलाला माझ्याबरोबर पाठवलं.

विहिरी का आटतात ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. उघडी खाण शंभर मीटर खाली जाते. भोवतालच्या वालुकाश्मातलं पाणी उताराने त्या खड्ड्यात येतं. कोळसा ओला होऊ नये म्हणून पंप रात्रंदिवस ते उपसतात. खड्ड्यापासून लांबवरच्या विहिरींची पातळी त्यामुळे खाली जाते. गावातल्या माणसाला वाटतं पाऊस कमी झाला. आमच्या दप्तरात उपशाचे आकडे असायचे, आणि त्या विहिरींचा त्यांत उल्लेख नसायचा.

प्रश्न : ग्रामसभेच्या संमतीशिवाय आदिवासी भागात जमीन घेता येत नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. हसदेवच्या ग्रामसभांनी तर नकाराचे ठराव केले. तरी खाण कशी सुरू झाली?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

तुम्हाला बरोबर शिकवलं आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा, आणि त्यावर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं 3 ऑगस्ट 2009 चं परिपत्रक : वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी वनहक्कांचे दावे निकाली काढा आणि ग्रामसभेची संमती घ्या. पण कोळशासाठी एक जुना कायदा आहे, 1957 चा कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा. आम्ही त्याला नुसता "सीबीए" म्हणायचो. त्याच्या कलम 4 खाली शोध, कलम 7 खाली इरादा, कलम 9 खाली घोषणा. कलम 7 ची अधिसूचना राजपत्रात आली की हरकतीला 30 दिवस. राजपत्र पोडावर कधी पोचतं? माझ्या नोकरीत एकदाही वेळेत पोचलेलं मी पाहिलं नाही. 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्यातली संमतीची अट या कायद्याला लागू नाही. भरपाईचे दर तेवढे 2015 पासून लागू झाले.

तेव्हा एकाच जमिनीवर दोन कायदे उभे आहेत. एक गावाला विचारायला सांगतो, दुसऱ्यात गावाला विचारायची अटच नाही. खाण हवी असणारा अर्थात दुसरा उचलतो.

हसदेवचा क्रम पाहा. कोरबा, सरगुजा आणि सूरजपूर जिल्ह्यांत पसरलेलं सुमारे 1,70,000 हेक्टरचं हे साल वृक्षांचं जंगल 2010 मध्ये खाणींना बंद क्षेत्र ठरवलं गेलं. 2011 मध्ये वन सल्लागार समितीने परसा ईस्ट केते बासन खाणीला नकार दिला, तरी मंत्रालयाने मंजुरी दिली. 2014 मध्ये हरित लवादाने ती मंजुरी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे खोदकाम चालू राहिलं. घाटबर्रा गावाला 2013 मध्ये सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला होता. जानेवारी 2016 मध्ये जिल्हा समितीने तो रद्द केला, कारण गावकरी त्याच्या आधारे खाण अडवत होते. मोजणी करणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. दिलेला हक्क वापरला म्हणून काढून घेणं, याला कुठल्याच कायद्यात कलम नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये मदनपूरहून रायपूरला 300 किलोमीटर चालत गेलेल्या लोकांचं मुख्य म्हणणं हेच होतं, की परसा या दुसऱ्या खाणीसाठी दाखवलेले ग्रामसभांचे ठराव खोटे आहेत, त्यांची चौकशी करा. त्याच वर्षी भारतीय वन्यजीव संस्थेने अहवाल दिला की चालू खाण सोडून हसदेवमध्ये नवीन खाण नको. छत्तीसगडात देशातल्या हत्तींपैकी एक टक्काही नाहीत, पण हत्ती-माणूस संघर्षातले 15 टक्क्यांहून जास्त मृत्यू तिथे होतात, हेही त्यात आहे. 26 जुलै 2022 ला राज्याच्या विधानसभेने हसदेवमधले कोळसापट्टे रद्द करा असा एकमताने ठराव केला. डिसेंबर 2023 मध्ये पोलीस बंदोबस्तात पुन्हा झाडं पडली. हे आंदोलन उभं करणाऱ्यांपैकी आलोक शुक्ला यांना 2024 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत हसदेवचं नाव जरा मोठ्या अक्षरात आलं.

पण ग्रामसभेचा नकार टिकतच नाही, असं समजू नका. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइट होतं. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगराला देव मानणाऱ्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या हक्कांबद्दल ग्रामसभांनी ठरवावं. 12 ग्रामसभा भरल्या, बाराही नाही म्हणाल्या आणि डोंगर वाचला. तिथे जिल्हा न्यायाधीश हजर होते, लोक आपापल्या बोलीत बोलले, ते लिहून घेतलं गेलं. आमच्या पोडावरच्या म्हातारीचा प्रश्न तिथे कागदावर आला असता.

आपल्याकडे गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्हाला माहीत असेलच. त्या गावात एकदा जाऊन ग्रामसभा बघा. निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. तीन तास बसून पाठ दुखली तरी बसा. "विचारणं" म्हणजे काय ते पाठ्यपुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल.

प्रश्न : हे सगळं छत्तीसगडचं. आपल्या महाराष्ट्राचा त्यात काय संबंध?
— एक वाचक, नागपूर

थेट संबंध आहे, आणि तुमचं पत्र आलं याचा मला आनंद झाला. छत्तीसगडमध्ये रायगड नावाचा जिल्हा आहे, आपला किल्ल्याचा नव्हे. त्यातल्या तमनार तालुक्यात गारे पेल्मा सेक्टर 2 हा कोळसापट्टा आहे. तो महाजेनकोला, म्हणजे तुमच्या-माझ्या महाराष्ट्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीला दिलेला आहे. खाणीची ठरलेली क्षमता वर्षाला 2 कोटी 36 लाख टन, बाधित गावं 14. कोळसा येणार चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या केंद्रांना. चंद्रपूरचं केंद्र 2,920 मेगावॉटचं आहे. तुम्ही नागपुरात पंखा लावता त्यातली वीज तिथून किंवा कोराडीहून येते असं धरायला हरकत नाही.

या खाणीची जनसुनावणी सप्टेंबर 2019 मध्ये झाली. ती योग्य रीतीने झाली नाही, असं म्हणत हरित लवादाने जानेवारी 2024 मध्ये पर्यावरण मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पुन्हा दिली गेली. जून 2025 मध्ये मुडागाव आणि सराईटोला इथे पोलीस बंदोबस्तात झाडतोड झाली. तमनारचे लोक 2011 पासून दर 2 ऑक्टोबरला "कोयला सत्याग्रह" करतात. गांधीजींनी मीठ उचललं तसा आपल्या जमिनीतला कोळसा स्वतः उचलतात, कारण तो आधी आमचा आहे असं त्यांचं म्हणणं.

हे म्हणणं हवेतलं नाही. भारतातला जवळजवळ सगळा दगडी कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना भूशास्त्रज्ञ "गोंडवाना" म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ते नाव गोंडांच्या देशावरून दिलं गेलं. आपलं चंद्रपूर तर गोंड राजांची राजधानी होती. माझ्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात "गोंडवाना" हा शब्द असायचा, आणि निम्मी नोकरी होईपर्यंत तो कोणाच्या नावावरून आला हे मी कोणाला विचारलंही नव्हतं.

प्रश्न : कोळसा काढून झाला की जमीन परत देतात का?
— एक शेतकरी, वणी

तुमच्याकडे मातीचे डोंगर रोज दिसतात, तेव्हा उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. सीबीए कायद्यात मूळ मालकाला परत देण्याची तरतूद नाही. वरची माती-दगड, जिला आम्ही ओबी म्हणतो, ती आमच्या खाणीत कोळशाच्या एका टनामागे चार घनमीटर निघायची. तिचे ढीग होतात, त्यावर सुबाभूळ लावतात आणि शेवटचा खड्डा पाण्याने भरतो. सुपीक वरचा थर वेगळा साठवून शेवटी पसरायचा असतो. साठवल्याची नोंद मी अनेकदा पाहिली, पसरल्याची एकदाच. तुमच्या गावाजवळच्या खाणीची बंदीकरण योजना, म्हणजे खाण बंद करतानाचा आराखडा, आणि तिच्यासाठी बँकेत ठेवलेल्या रकमेचा तपशील माहिती अधिकारात मागा. 2009 पासून प्रत्येक कोळसा खाणीला अशी योजना बंधनकारक आहे.

प्रश्न : वाचून अस्वस्थ झाले. घरावर सोलर लावलं तर पुरे का? आणखी काय करू?
— एक गृहिणी, पुणे

सोलर जरूर लावा, छपरावरचं. माळरानावरचे मोठे सोलर पार्क नेमके सातबाऱ्यावर "पडीत" लिहिलेल्या जमिनी शोधतात, आणि कोणाच्या तरी शेळ्या तिथे चरत असतात. तिथेही तोच प्रश्न विचारावा लागेल.

दुसरं, जे आपल्यापैकी फार थोडे करतात. महाजेनको आणि महावितरणच्या दरांवर महाराष्ट्र वीज नियामक आयोग सुनावणी घेतो. वर्तमानपत्रात जाहिरात येते, कोणीही ग्राहक लेखी सूचना-हरकती देऊ शकतो, समोर जाऊन बोलूही शकतो. तिथे उद्योजक येतात, ग्राहक संघटना येतात, आणि बोलणं बहुतेक पैशांवर होतं. तुम्ही एवढंच लिहून द्या : गारे पेल्माच्या 14 गावांपैकी किती गावांच्या ग्रामसभांनी, कोणत्या तारखेला, किती हजेरीत संमती दिली? ठरावाच्या प्रती कुठे बघायला मिळतील? ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांची किती कुटुंबं मोजली आणि त्यांना काय मिळणार?

हरकत मराठीत चालते. नमुना मी तयार केला आहे. आपला पत्ता लिहिलेलं पाकीट या सदराच्या नावाने पाठवा, मी तो धाडतो. पुढच्या सुनावणीची जाहिरात आली की तारीख इथे छापू.